वाचकांचे प्रश्न: एसएटीच्या रीडिंगमधे दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच निवडला जातो

मागच्या वेळी एसएटीच्या गणितावर लिहिलं आणि त्यानंतर जे प्रश्न आले ते जवळजवळ सगळे रीडिंगवरचे. कारणही साधं आहे, गणितात निदान कुठे चुकलो ते दिसतं, रीडिंगमधे चूक झाली एवढंच कळतं, का झाली ते कळत नाही. ज्यांच्या घरात अजून हे प्रकरण शिरलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते: अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अ‍ॅडमिशनसाठी कॉलेज बोर्ड ही संस्था ही परीक्षा घेते, अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून ती डिजिटल झाली (ब्लूबुक नावाच्या कॉलेज बोर्डच्याच अ‍ॅपवर द्यायची), आणि आता रीडिंग आणि रायटिंग मिळून एकच सेक्शन असतो. त्यात दोन मॉड्यूल, म्हणजे दोन भाग, प्रत्येकात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, स्कोअर २०० ते ८००. बाकी तपशील उत्तरांमधे येईलच.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे आणि ऑगस्टच्या एसएटीला बसणार आहे. ब्लूबुकवरच्या प्रॅक्टिस टेस्ट बहुतेक सगळ्या देऊन झाल्या. गणित ७२० च्या आसपास येतं पण रीडिंग रायटिंग ५८० ते ६१० च्या मधेच फिरतंय. उतारा कळतो असं वाटतं, चारातले दोन पर्याय मी लगेच उडवते पण उरलेल्या दोनात नेमका चुकीचा निवडते. उत्तर बघितलं की वाटतं अरे हो, हे तर बरोबरच आहे. अजून टेस्ट कुठून आणू?

अजून टेस्ट आणूच नकोस. ब्लूबुकवरच्या फुकट पूर्ण टेस्ट मोजक्याच आहेत आणि तू त्या शेंगदाण्यासारख्या संपवल्यास, आता ज्या उरल्या असतील त्या परीक्षेच्या आधीच्या दोनतीन आठवड्यांसाठी झाकून ठेव.

तुझं खरं दुखणं तू स्वतःच लिहिलंयस, "उत्तर बघितलं की वाटतं अरे हो". म्हणजे तू बरोबर उत्तर बघतेस, ते पटतं आणि पुढे जातेस. पण जो चुकीचा पर्याय तुला आवडला होता तो का आवडला आणि तो नक्की कुठल्या शब्दामुळे चूक आहे हे तू कधी शोधलेलंच नाहीस, त्यामुळे पुढच्या वेळी तोच सापळा दुसरे कपडे घालून येतो आणि तू परत त्यात पाय घालतेस.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. या परीक्षेत "दोन्ही बरोबर आहेत पण हे जास्त बरोबर आहे" असा प्रकार नसतो. लाखो मुलं बसतात, एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरं निघाली तर तो प्रश्न बाद करायची वेळ येईल, म्हणून तीन पर्याय असे बनवलेले असतात की ते चूक आहेत हे उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तेव्हा दोन उरले की "यातलं चांगलं कुठलं वाटतंय" असं विचारायचंच नाही. "यातल्या कुठल्या पर्यायात असा एक तरी शब्द आहे ज्याला उताऱ्यात आधार नाही" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मनात शोधलं जातं, दुसऱ्याचं कागदावर, म्हणजे आता स्क्रीनवर.

उदाहरण देते, उतारा मीच रचलाय, आणि खऱ्या परीक्षेत तो अर्थातच इंग्रजीत असेल. समज असं लिहिलंय: शहरातले काही पक्षी जंगलातल्या आपल्याच जातीच्या पक्ष्यांपेक्षा वरच्या पट्टीत गातात. शहरातला गोंगाट बराचसा खालच्या पट्टीतला असतो, त्यात वरचा सूर नीट ऐकू जातो, म्हणून असं होत असावं असं संशोधकांना वाटत होतं. पण शहरातल्याच काही शांत बागांमधे, जिथे गोंगाट फारसा नाही, तिथले पक्षीही वरच्याच पट्टीत गाताना सापडले. प्रश्न: या शेवटच्या निरीक्षणावरून काय निष्कर्ष निघतो?

पर्याय एक, गोंगाटाचा पक्ष्यांच्या गाण्यावर काहीही परिणाम होत नाही. पर्याय दोन, शहरातल्या पक्ष्यांचं खाणं वेगळं असल्यामुळे त्यांचा आवाज बदलतो. पर्याय तीन, शहरातला गोंगाट बराचसा खालच्या पट्टीतला असतो. पर्याय चार, गोंगाट हे एकच कारण पुरेसं नसावं.

आता तू दोन नंबर उडवशील कारण खाण्याचा उल्लेखच नाही. तीन नंबरही उडवशील बहुधा, जरी घाईत असलेली बरीच मुलं तिथेच फसतात कारण ते वाक्य उताऱ्यात जसंच्या तसं आहे, शब्द ओळखीचे दिसले की हात आपोआप क्लिक करतो, पण प्रश्न शेवटच्या निरीक्षणाबद्दल आहे आणि हे मधल्या वाक्यात आलेलं आहे, खरं आहे पण विचारलेलं नाही. मग उरतात एक आणि चार, आणि हेच ते तुझे दोन. एक नंबर ठसठशीत वाटतो, चार नंबर कसा गुळमुळीत, "नसावं" वगैरे. आपल्याला शाळेत ठाम उत्तर द्यायची सवय लागलेली असते म्हणून आपण ठामाकडे ओढले जातो. पण "काहीही परिणाम होत नाही" यातल्या "काहीही" ला आधार कुठे आहे? शांत बागेतले पक्षी वर गातात यावरून एवढंच म्हणता येतं की गोंगाटाशिवायही काहीतरी असेल. गोंगाटाचा परिणाम शून्य आहे असं कोणी सिद्ध केलेलं नाही. झालं, एक नंबर गेला, आणि तो चारपेक्षा कमी बरोबर आहे म्हणून नाही, सरळ चूक आहे म्हणून.

असे सापळे चारपाच जातीचेच असतात आणि एकदा ओळख झाली की लांबूनच दिसायला लागतात. मर्यादेबाहेर जाणारे, म्हणजे सगळे, कधीच, फक्त, पूर्णपणे अशा शब्दांचे. उताऱ्याबाहेरचे, जे तुझ्या जनरल नॉलेजप्रमाणे खरं असतं पण इथे लिहिलेलं नसतं. खरं पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असलेले. संबंध उलटा केलेले, अ मुळे ब असेल तर ब मुळे अ म्हणणारे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धे बरोबर, पहिला भाग इतका चपखल की दुसरा भाग आपण वाचतच नाही, आणि चूक तिथेच बसलेली असते. ६०० च्या आसपास अडकलेली मुलं माझ्या अनुभवात या शेवटच्यातच सगळ्यात जास्त मार्क घालवतात, कारण पर्यायाची सुरुवात वाचून त्यांचा निर्णय झालेला असतो.

आता काम काय करायचं. एक वही घे. चुकलेला प्रश्न, आणि नुसता चुकलेलाच नाही, नशिबाने बरोबर आलेला सुद्धा, उत्तर न बघता परत सोडव. मग लिही: मी काय निवडलं, मला ते का आवडलं, आणि उताऱ्यातल्या किंवा पर्यायातल्या कुठल्या शब्दाने ते मरतं. "नीट वाचलं नाही" किंवा "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही, त्याने काहीच कळत नाही. "दुसरा अर्धा भाग वाचला नाही" हे चालेल. असे तीसेक प्रश्न झाले की तुझा लाडका सापळा कुठला ते वहीच सांगेल. दिवसाला पंधरा प्रश्न असे केलेस तर पुरे, अख्खी टेस्ट देऊन स्कोअर बघून उदास होण्यापेक्षा ते कितीतरी बरं. प्रश्न संपतील ही भीती नको, कॉलेज बोर्डची क्वेश्चन बँक फुकट आहे, त्यात प्रश्नाचा प्रकार आणि कठीणपणा निवडता येतो आणि ब्लूबुकच्या टेस्टमधले प्रश्न वगळायची सोयही आहे. खान अकॅडमीवरही सराव फुकट आहे.

आणि हो, ५८० ते ६१० हा चढउतार नाहीच धरायचा, तो एकच स्कोअर आहे. प्रत्यक्ष रिपोर्टमधेही कॉलेज बोर्ड स्कोअरच्या शेजारी एक रेंज देतं ते याचसाठी. तीस मार्क वाढले म्हणून पेढे नको आणि वीस घटले म्हणून रडारड नको.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे, पुस्तक म्हणून हातात धरत नाही. सगळे सांगतात की रीडिंगचा स्कोअर वाढवायचा तर कादंबऱ्या वाचायला लावा. आम्ही रोज एक तास सक्तीने वाचायला बसवतो, तो पानं उलटत बसतो. याचा उपयोग होतो का?

पानं उलटण्याचा होत नाही, हे तुम्हालाही दिसतंय.

वाचनाने फायदा होतो यात शंका नाही, पण तो वर्षादोनवर्षांत हळूहळू होतो आणि सक्तीने तर अजिबात होत नाही. तुमच्या मुलाकडे वेळ आहे म्हणून सांगते, नाहीतर परीक्षा दोन महिन्यांवर असलेल्या मुलाला मी कादंबरी द्याच म्हणणार नाही. शिवाय परीक्षेचं रूप बदललंय हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. जुन्या कागदावरच्या एसएटीत ५०० ते ७५० शब्दांचे मोठे उतारे यायचे आणि एकेका उताऱ्यावर दहाअकरा प्रश्न, तिथे खरंच बैठक लागायची. आता उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. पण तेवढ्यात लेखक एक दावा करतो, त्याला पुरावा देतो, मधेच "तथापि" म्हणून उलटा फिरतो आणि शेवटी जरा माघार घेतो. हे वळण पकडता येणं महत्त्वाचं, पानांचा आकडा नाही.

तेव्हा एक तास सोडा, वीस मिनिटं घ्या. त्याला ज्यात रस आहे त्या विषयावरचा, फुटबॉल असो नाहीतर अंतराळ, पण जरा गंभीर लेख घ्या, जिथे लेखक काहीतरी सिद्ध करू बघतोय. वाचून झाल्यावर त्याने लेख मिटून दोन वाक्यं तोंडी सांगायची: लेखक काय म्हणतोय आणि कशाच्या जोरावर म्हणतोय. बस. तुम्ही त्यावर परीक्षा घेऊ नका, वाद घाला हवं तर. "हे त्याने कुठे म्हटलंय, दाखव" एवढा एक प्रश्न घरात रुळला तरी पुष्कळ झालं. परीक्षेत विज्ञान, इतिहास आणि समाजशास्त्र, कला, साहित्य या सगळ्यातले उतारे येतात म्हणून महिन्याभराने विषय बदलत राहा, नाहीतर अंतराळाच्या उताऱ्यावर पैकीच्या पैकी आणि चित्रकलेच्या उताऱ्यावर डोळे पांढरे असं होतं.

प्रश्न: मॅम, हजार शब्दांची लिस्ट पाठ करतोय, रोज पन्नास. तरी पहिल्याच प्रश्नांमधे चुका होतात. लिस्ट बदलू का?

लिस्ट बंद कर. म्हणजे अगदी बंद नाही, पण रोज पन्नास हे पाठांतर झालं, आणि ते चौथ्या दिवशी उडून जातं.

ते अगडबंब, कोणी न वापरणारे शब्द विचारायचं दुकान २०१६ च्या बदलांनंतर जवळजवळ बंद झालं. आता रिकामी जागा असलेला छोटा उतारा देतात आणि चार शब्द, आणि बरेचदा चारही शब्द तुला ओळखीचे असतात. गोची वेगळीच असते. एकतर शब्दाचा तू पाठ केलेला अर्थ तिथे चालत नसतो, उदाहरणार्थ "क्वालिफाय" म्हणजे पात्र ठरणं हे तुला माहीत असतं पण दावा क्वालिफाय केला म्हणजे त्याला मर्यादा घातली हे माहीत नसतं. किंवा शब्दाचा अर्थ बसतो पण त्याचा रंग बसत नाही, कौतुकाच्या वाक्यात टीकेची छटा असलेला शब्द.

म्हणून पर्याय झाकून वाच. अक्षरशः हाताने झाक स्क्रीनवर. रिकाम्या जागी स्वतःचा शब्द घाल, मराठी घातलास तरी चालेल, "वाढवणारा", "शंका घेणारा", असला बाळबोध सुद्धा. मग उताऱ्यात तो शब्द सिद्ध करणारा तुकडा शोध, तो असतोच, बरेचदा कोलन नंतर किंवा "कारण" नंतर किंवा उलट दिशा दाखवणाऱ्या शब्दानंतर. मग पर्याय उघड आणि तुझ्या शब्दाच्या जवळचा घे. एखादा शब्द अजिबात माहीत नसेल तर केवळ त्यासाठी त्याला उडवू नकोस, बाकीचे तीन ठामपणे बसत नसतील तर तोच उत्तर आहे. हे धाडस मुलं करत नाहीत, ओळखीचा चुकीचा शब्द घेतात.

नवे शब्द जमवायचे तर चुकलेल्या प्रश्नांतून जमव, आठवड्याला पंधरावीस, ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट.

प्रश्न: ताई, मला वेळ पुरत नाही. पहिल्या मॉड्यूलमधे शेवटचे पाचसहा प्रश्न अंदाजे मारावे लागतात. दुसरं मॉड्यूल पहिल्यावर अवलंबून असतं म्हणे, म्हणजे तिथेच सगळं संपतं का? स्पीड रीडिंगचा कोर्स लावू का?

कोर्स नको. १५० शब्दांच्या उताऱ्यात झपाट्याने वाचून तू पाचदहा सेकंद वाचवशील आणि मग न कळल्यामुळे परत वाचण्यात तीस घालवशील.

हिशोब बघ, ३२ मिनिटांत २७ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. पण सगळ्या प्रश्नांना सारखा वेळ द्यायचाच नसतो. मॉड्यूलमधे प्रश्न प्रकारानुसार ओळीने येतात, आधी शब्दांचे, मग उताऱ्याची रचना आणि हेतू, दोन उताऱ्यांची तुलना, मग मुख्य मुद्दा, पुरावा, निष्कर्ष, त्यानंतर व्याकरण, आणि शेवटी जोडशब्द आणि ते नोट्सवाले प्रश्न, ज्यांत एखाद्या विद्यार्थ्याने काढलेली टिपणं दिलेली असतात. आणि प्रत्येक गटात आधी सोपे, मग कठीण. म्हणजे होतं काय, की निष्कर्षाचे सगळ्यात कठीण प्रश्न मधोमध येतात, तू तिथे एकेका प्रश्नावर तीन तीन मिनिटं झुंजत बसतोस, आणि त्यांच्या पलीकडे सोपं व्याकरण आणि नोट्सचे प्रश्न वाट बघत असतात ज्यांना तीस चाळीस सेकंद पुरतात, आणि तू अंदाजे मारतोयस ते नेमके तेच. काय गंमत आहे बघ, सगळ्यात स्वस्त मार्क आपण सगळ्यात शेवटी ठेवतो.

तर ज्यांना वेळ पुरत नाही त्यांनी शब्दांचे प्रश्न झाले की उडी मारून व्याकरणाला जावं, तिथून शेवटपर्यंत करावं, आणि मग उरलेल्या वेळात मधलं रीडिंग निवांत करावं. एका मॉड्यूलच्या आत मागेपुढे जाता येतं, फक्त मॉड्यूल संपलं की परत येता येत नाही. हा क्रम सगळ्यांनाच मानवतो असं नाही, एकदोन वेळा वेळ लावून करून बघ, गोंधळ व्हायला लागला तर सरळ क्रमाने जा पण एक नियम ठेव, दीड मिनिट झालं आणि दोन पर्यायांत लटकलोय असं वाटलं की एक निवडायचा, रिव्ह्यूची खूण करायची आणि पुढे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, २०१६ पासून ती पाव मार्काची कापाकापी बंद आहे, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

नोट्सच्या प्रश्नात तर नोट्स आधी वाचूच नकोस. प्रश्नात लिहिलेलं असतं की विद्यार्थ्याला काय साधायचंय, दोन गोष्टींतलं साम्य दाखवायचंय की नवख्या वाचकाला ओळख करून द्यायचीय. ते वाच आणि थेट पर्यायांत ते कोण करतंय बघ. मग खात्रीपुरत्या नोट्स.

दुसऱ्या मॉड्यूलचं म्हणशील तर हो, पहिल्यात कसं केलं त्यावर दुसरं कठीण मिळतं की सोपं ते ठरतं, आणि सोपं मिळालं तर अगदी वरच्या स्कोअरपर्यंत पोचता येत नाही. म्हणून पहिल्यातले ते शेवटचे पाचसहा फुकट घालवणं महाग पडतं. पण परीक्षा चालू असताना "हे सोपं वाटतंय, म्हणजे मी खालच्या मॉड्यूलमधे आलो" असले हिशोब करत बसू नकोस, तुला ते तिथे बसून कळणार नाही. शिवाय प्रत्येक मॉड्यूलमधे दोन प्रश्न असे असतात ज्यांचे मार्कच धरत नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून बघत असतात, आणि ते कुठले हे कोणालाच माहीत नसतं. एखादा प्रश्न फारच विचित्र वाटला तर तोच असेल अशी समजूत घालून पुढे जायला हरकत नाही, मी मुलांना हेच सांगते.

प्रश्न: माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी समजतं पण वाचताना मनात मराठी करत जावं लागतं, आणि तेवढ्यात वेळ जातो. ही सवय मोडायची कशी?

मोडू नका, जरा वळवा. शब्दाला शब्द लावत मराठी करणं खरंच वेळखाऊ आहे आणि लांब इंग्रजी वाक्यात तर त्याने घोटाळाच होतो कारण क्रियापद आपल्याकडे शेवटी येतं आणि त्यांच्याकडे मधे, मग आपण वाक्य संपेपर्यंत सगळं हातात धरून बसतो आणि अर्ध सांडतं.

पण अख्खा उतारा वाचून झाल्यावर त्याचा गाभा एका मराठी वाक्यात मनात म्हणणं ही उलट फार चांगली सवय आहे. इंग्रजीतून शिकलेली मुलं ते करत नाहीत, त्यांना वाटतं कळलं, आणि विचारलं तर उताऱ्यातलेच शब्द फिरवून सांगतात. तुम्ही मराठीत सांगितलंत म्हणजे तुम्हाला खरंच कळलंय, तिथे शब्दांमागे लपायला जागाच नाही. तर नियम असा करा की वाक्यागणिक नाही, उताऱ्यागणिक एकदाच मराठी. "आधी लोकांना अमुक वाटायचं, पण हिने तमुक दाखवलं" एवढंच. बरेच उतारे खरोखरच या साच्यात बसतात.

लांब वाक्य आलं तर आधी कर्ता आणि त्याचं क्रियापद शोधा. स्वल्पविरामांच्या किंवा डॅशच्या मधे अडकवलेला मजकूर पहिल्या वाचनात वगळा, तो बहुधा कोणीतरी कोण आहे एवढंच सांगत असतो. आणि वाक्याची दिशा फिरवणारे शब्द, हाउएव्हर, येट, दो, डिस्पाइट, नेव्हरदलेस, यांच्याशी पक्की दोस्ती करा, ब्लूबुकमधे मजकूर हायलाइट करायची सोय आहे, तेवढे शब्द रंगवा आणि बाकी काही नाही. अख्खा उतारा पिवळा केलेला पाहिलाय मी, त्याचा काय उपयोग.

प्रश्न: कविता आणि जुन्या कादंबऱ्यांचे उतारे आले की मी सरळ सोडून देतो. विज्ञान जमतं. चालेल का?

नाही चालणार, पण घाबरायचंही काही नाही. साहित्याचे उतारे थोडेच असतात. आणि तिथे कवितेचा गूढ अर्थ विचारत नाहीत, इथेच मुलांची गल्लत होते. शाळेत कवितेखाली दडलेलं काहीतरी शोधायची सवय लावलेली असते, इथे वरवरचंच शोधायचंय: बोलणाऱ्याला काय वाटतंय, आनंद की खंत, आणि कशाबद्दल. कविता ओळीओळीने वाचू नकोस, विरामचिन्हापर्यंत वाच, ओळ तुटली म्हणजे वाक्य तुटलं असं नसतं. जुन्या गद्यात एखादा शब्द आजच्यापेक्षा वेगळ्या अर्थाने येतो, तो सोडून दे, भावना आणि कोण कोणाशी कसं वागतंय तेवढं धर.

एक प्रकार मात्र नीट बघायचा: एखाद्या कादंबरीबद्दल किंवा कवितेबद्दल एक विधान देतात आणि चार अवतरणांपैकी कुठलं ते विधान दाखवून देतं असं विचारतात. विधानाचे दोन तुकडे असतात, समज "नायिकेला शहर आवडतं पण तिथे एकटंही वाटतं". दोन पर्यायांत नुसतं आवडणं असेल, एकात नुसतं एकटेपण, आणि एकातच दोन्ही. सुंदर अवतरणाला भुलू नकोस. विज्ञान जमतं म्हणतोस ना, मग हे विज्ञानासारखंच कर, विधान आणि पुरावा.

प्रश्न: ग्राफ आणि तक्त्यांच्या प्रश्नांत इतके आकडे असतात की वेळ जातो.

ग्राफ आधी बघूच नका. आधी उताऱ्यातलं विधान वाचा, कशाची कशाशी तुलना आहे ते. मग पर्याय. यात मोठा सापळा असा की दोनतीन पर्याय तक्त्याप्रमाणे अगदी खरे असतात, आकडे बरोबर असतात, पण त्या विधानाशी त्यांचा संबंध नसतो. तेव्हा विधानाशी जुळणारा पर्याय आधी निवडा आणि त्या एकाचेच आकडे ग्राफमधे तपासा. हिशोब करायची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न: मुलीचं एसएटीचं रीडिंग वाढतच नाहीये. एसीटीला (अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची एसएटीसारखीच दुसरी परीक्षा) बसवावं का? आणि आता टेस्टची गरजच नाही असंही ऐकतो.

दुसरा भाग आधी. कोविडच्या काळात बऱ्याच कॉलेजांनी स्कोअर ऐच्छिक केला होता आणि अजूनही अनेक ठिकाणी तो तसाच आहे, पण एमआयटीने २०२२ मधे तो परत सक्तीचा केला, २०२४ मधे डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड यांनीही तसं जाहीर केलं. त्यामुळे मुलीच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर जाऊन त्या वर्षाचा नियम बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

एसीटीचं म्हणाल तर तिथलं रीडिंग वेगळ्या स्वभावाचं आहे. २०२५ पासून तीही बदलली, आता रीडिंगला ४० मिनिटांत ३६ प्रश्न असतात, आधी ३५ मिनिटांत ४० असायचे. पण उतारे अजूनही मोठे, एकेकावर बरेच प्रश्न. प्रश्न त्या मानाने सरळ असतात, उताऱ्यात कुठे काय आहे ते पटापट सापडलं पाहिजे. एसएटीत उतारा छोटा पण पर्यायांत बारीक कोरीवकाम. जिचं मन दर मिनिटाला नव्या विषयावर उडी मारून थकतं, आणि जी एकदा विषयात शिरली की छान वाचते, तिला एसीटी मानवू शकते. जी मोठा मजकूर बघून धास्तावते तिला एसएटीच बरी. एका शनिवारी एसीटीची एक अधिकृत सराव परीक्षा घड्याळ लावून द्या, स्कोअरची तुलना करायचे तक्ते दोन्ही संस्थांनी मिळून प्रसिद्ध केलेले आहेत, त्यात बघा. ठळक फरक दिसला तरच बदला. उन्नीस बीस असेल तर जिथे आहे तिथेच राहू द्या आणि पहिल्या उत्तरातली वही तिला घालून द्या, कारण एसीटीतही ते अर्धे बरोबर पर्याय असतातच.